अलॉयची मधली टोपी: काढायची कशी, बसवायची कशी आणि जाते कुठे?

सिंहगडरोडकर

मंडळी, मदत हवी आहे.

गेल्या रविवारी साताऱ्याहून घरी आलो. गाडी लावून उतरलो तर डावीकडच्या पुढच्या चाकाची मधली टोपी गायब. त्या जागी काळं भोक, आत गंज चढलेला मोठा नट आणि त्यावर चिखल. येताना खंबाटकीच्या अलीकडे एका खड्ड्यात ते चाक जोरात आदळलं होतं, तिथेच उडाली असणार.

गाडी स्विफ्ट आहे. पण अलॉय (अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं) मूळचे नाहीत, आधीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेले आहेत. त्यामुळे शोरूमच्या काउंटरवर जाऊन 'याची टोपी द्या' म्हणायची सोय नाही. माप घ्यावं म्हणून दुसऱ्या चाकाची टोपी काढायला गेलो. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटून पाहिलं. टोपी हलली नाही, रिमच्या काठाला मात्र ओरखडा पडला. तिथेच हात आवरला.

आता प्रश्न असे. टोपी नीट निघते कशी? माप नेमकं कुठलं घ्यायचं? आणि तोवर भोक उघडं ठेवून गाडी चालवली तर चालेल का? रोज सिंहगड रोड ते हिंजवडी जाणं-येणं आहे, त्यात पाऊस सुरू आहे.

---

वऱ्हाडी_पाना

भाऊ, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. चालवा बिनधास्त. ती टोपी चाक धरून ठेवत नाही. चाक धरतात ते नट, आणि बेअरिंगचं सील वेगळं असतं. टोपीचं काम एवढंच की चिखल-पाणी त्या मोठ्या नटावर आणि हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) तोंडावर साचू नये. दोन-चार आठवड्यांनी काही होत नाही. पण दोन-तीन पावसाळे तसंच ठेवलं तर नट असा गंजतो की पुढे ड्राइव्ह शाफ्टचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) काम निघालं की मेकॅनिकला घाम फुटतो.

टोपी समोरून काढू नका. चाक खाली उतरवा, मागच्या बाजूने भोकात हात घाला आणि अंगठ्याने ढकला. पुढे उडी मारून येते. हाताने नाही हलली तर हातोडी उलटी धरून लाकडी दांड्याने टोपीमागच्या पाकळ्यांवर आलटून पालटून हलके ठोके द्या. मधोमध ठोकू नका, तिथे चकती फुटते.

---

पद्मिनीप्रेमी

टोपी समोरून काढायची सवय आपल्याला जुन्या गाड्यांनी लावली. आमच्या घरी गिरगावात प्रीमियर पद्मिनी होती. तिच्या चाकांवर क्रोमची पत्र्याची वाटी असायची. वडील तिला व्हील कपच म्हणायचे. चाकाचा पाना असायचा त्याचं एक टोक चपटं केलेलं होतं, ते खास वाटी उचकटण्यासाठीच. चपटं टोक घालायचं, मनगटाला एक झटका द्यायचा, आणि वाटी खणकन फरशीवर. बसवताना तळहाताचा दणका दिला की झालं.

पत्रा होता, वाकला तरी परत सरळ करता यायचा. आताच्या टोप्या प्लास्टिकच्या आणि रिम रंगवलेल्या अॅल्युमिनियमची. दोन्हींना तो पाना सोसत नाही. तुमचा ओरखडा बारीक असेल तर स्वच्छ धुऊन, वाळवून रंगाचा टच-अप लगेच लावून घ्या. उघड्या अॅल्युमिनियमवर पाणी बसत राहिलं की आजूबाजूचा लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) फुगून सुटायला लागतो.

---

चाकोरी

माझं नाशिकला गॅरेज होतं. आता मुलगा बघतो, पण या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सिंहगडरोडकर, एक विचारतो. टोपी पडायच्या आधी महिन्या-दोन महिन्यांत व्हील बॅलन्सिंग करून घेतलं होतं का?

विचारण्याचं कारण सांगतो. बॅलन्सिंगच्या मशिनचा दांडा चाकाच्या मधल्या भोकातून जातो आणि त्यावर शंकूच्या आकाराचा तुकडा बसवून चाक आवळतात. भोक मोकळं झाल्याशिवाय चाक मशिनवर चढतच नाही. म्हणजे दर बॅलन्सिंगला टोपी निघतेच. चांगला कारागीर मागून हाताने ढकलतो आणि टोपी नटांसोबत ट्रेमध्ये ठेवतो. घाईत असलेला पोरगा लोखंडी सळई घालून एक टोला देतो. टोपी दहा फूट लांब जाऊन पडते, एखादी पाकळी तुटते, आणि परत बसवताना उरलेल्या पाकळ्यांवर ती कशीबशी बसते. त्या दिवशी तुम्हाला काहीच कळत नाही. मग एका खड्ड्यात ती सुटते आणि दोष जातो खड्ड्याला.

सगळ्या पाकळ्या शाबूत असलेली आणि रिंग जागेवर असलेली टोपी मी तरी नुसत्या खड्ड्याने पडलेली पाहिली नाही.

---

सिंहगडरोडकर

चाकोरी काका, तीन आठवड्यांपूर्वीच बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट केलं आहे. रिंग म्हणजे कुठली? माझ्या टोप्यांना अशी काही रिंग असल्याचं मला माहीतच नव्हतं.

---

चाकोरी

मग या रविवारी उरलेल्या तिन्ही टोप्या काढून बघाच.

टोपी उलटी केली की गोल चकतीच्या मागे पाकळ्या दिसतील, चार ते आठ कितीही असतात. प्रत्येक पाकळीच्या टोकाला बाहेर वळलेली आकडी असते, ती रिमच्या आतल्या खाचेत अडकते. आता या पाकळ्यांच्या आतल्या अंगाला बऱ्याच टोप्यांमध्ये स्टीलच्या तारेची एक रिंग बसवलेली असते. ती स्प्रिंगसारखी पाकळ्यांना बाहेर दाबून धरते. प्लास्टिक ब्रेकच्या उष्णतेने आणि वयाने सैल पडतं, पण तार पडत नाही. म्हणून खरी पकड त्या रिंगची. टोपी उडून पडते तेव्हा ही रिंग सटकते आणि गॅरेजच्या फरशीवर कुठेतरी लोळत राहते. कोणी उचलत नाही, कारण ती कशाची आहे हेच पोरांना माहीत नसतं.

चाक काढण्याचा क्रम ठाऊक असेलच, तरी लिहितो. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, तिरप्या रेषेत समोरच्या चाकाला वीट लावा. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा, मग जॅक. काढलेलं चाक गाडीच्या तळाखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक सटकला तर गाडी चाकावर बसेल, तुमच्या पायावर नाही.

आणि तो मधला मोठा नट, ज्यावर तुम्हाला गंज दिसला, त्याला हात लावू नका. तो ड्राइव्ह शाफ्टचा नट आहे. चाकाच्या नटांपेक्षा किती तरी जास्त ताकदीने आवळलेला असतो आणि पुढचं बेअरिंग त्याच्यावर अवलंबून असतं.

---

नवा_चालक

हे वाचून मी आत्ताच खाली जाऊन आलो. माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या चाकाला प्लास्टिकची टोपी नाहीच, पण मध्ये पत्र्याची छोटी वाटी आहे, चांगली घट्ट बसलेली. ती काढून तिच्या जागी लोगोवाली टोपी बसवता येईल का?

---

चाकोरी

नाही! थांबा. ती शोभेची नाही. ती ग्रीस कॅप आहे. तिच्या आत बेअरिंगचा नट आणि ग्रीस असतं. ती उचकटली आणि काठ वाकला की परत घट्ट बसत नाही. पाणी-धूळ आत गेली की बेअरिंग घूं घूं करायला लागतं. बेअरिंगचं काम करायचं असेल तेव्हाच ती निघते, आणि वाकली तर नवीन घालतात.

शोभेची टोपी *रिममध्ये* अडकते. ग्रीस कॅप *हबमध्ये* ठोकून बसवलेली असते. चाक काढल्यावर जे चाकाबरोबर येतं ते शोभेचं, जे गाडीवरच राहतं त्याला हात लावायचा नाही.

---

नवा_चालक

वाचलो. काका, मनापासून धन्यवाद. स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊनच खाली गेलो होतो.

---

कोकणपट्टी

मी रत्नागिरीची. तुम्ही सगळे 'चाक काढा आणि मागून ढकला' इतक्या सहज लिहिताय, पण आमच्याकडे चाकच निघत नाही! खारा वारा आणि पाऊस. पाचही नट काढले तरी अलॉय हबला असा चिकटलाय की लाथ मारली तरी हलत नाही. मलाही एक टोपी बदलायची आहे. शेवटी समोरूनच काढावी लागेल असं दिसतंय. काही उपाय?

---

वऱ्हाडी_पाना

ताई, जॅकवर असलेल्या गाडीला लाथ मारू नका. गाडी जॅकवरून सरकते.

सगळे नट परत हाताने लावा आणि मग एक-दीड फेरा ढिले ठेवा. गाडी खाली घ्या. आता अंगणातच चार-पाच फूट पुढे, चार-पाच फूट मागे, अगदी हळू न्या आणि दर वेळी ब्रेक दाबा. गाडीचं वजनच चाक सोडवतं. कट्टकन आवाज आला की लगेच थांबा, जॅक लावा, चाक हातात येईल. ढिल्या नटांवर रस्त्यावर मात्र अजिबात जायचं नाही.

---

स्टुटगार्टचा_सह्याद्री

कोकणपट्टी, तुमचा त्रास मला रोजच्या ओळखीचा आहे. इथे जर्मनीत समुद्र लांब, पण हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तीच गत होते.

इथे वर्षातून दोनदा चाकं बदलतात. 'ऑक्टोबर ते ईस्टर' अशी बोलीभाषेतली रीत आहे, आणि बर्फ किंवा निसरडं असताना हिवाळी टायर हवेतच असा नियम २०१० पासून आहे. बहुतेकांकडे टायर-रिमचे दोन पूर्ण संच असतात. मी स्वतः बदलतो, म्हणून टोप्याही दोनदा हाताळल्या जातात.

चाक निघालं की मी हबच्या तोंडावरचा आणि अलॉयच्या भोकाच्या आतला गंज तारेच्या ब्रशने घासून काढतो. मग हबच्या मधल्या उंच कडेवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवतो, बोटाला लागेल एवढाच. नटांच्या आट्यांना नाही, ब्रेक डिस्कला तर अजिबात नाही. पुढच्या वेळी चाक हाताने निघतं. लोखंड आणि अॅल्युमिनियम खारट पाण्यात एकमेकांना लागून राहिले की त्यांच्यात जो पांढरा भुगा तयार होतो, तोच चाक धरून ठेवतो. ग्रीस त्या दोघांमध्ये पाणी शिरू देत नाही.

समोरून काढायची सोय काही गाड्यांमध्ये मुद्दाम दिलेली असते. माझ्या फोक्सवॅगन गोल्फ गाडीच्या जॅकच्या डब्यात तारेचा एक आकडा आला होता. कव्हरच्या छिद्रात तो अडकवायचा आणि सरळ आपल्याकडे ओढायचं. टोपीच्या काठाला बारीक खाच दिसली तर समोरून काढायला हरकत नाही, पण तिथेही प्लास्टिकची पट्टी वापरा आणि रिमवर मास्किंग टेप लावा. खाच नसेल तर ती टोपी मागून निघण्यासाठीच बनवलेली आहे असं समजा.

चाक लावल्यावर इथे ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायला सांगतात. माझ्या गाडीला आवळायचा जोर १२० न्यूटन मीटर आहे, तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेतून घ्या, माझा नका घेऊ.

---

सिंहगडरोडकर

रविवारचा अहवाल.

पहाटे पाऊस थांबला होता, पार्किंगमध्ये चारही चाकं एकेक करून काढली. मागून अंगठ्याने ढकलल्यावर पहिली टोपी इतक्या सहज आली की स्क्रू ड्रायव्हर का घातला याचं वाईट वाटलं.

आणि चाकोरी काका, तुमचं तंतोतंत खरं निघालं. पुढच्या उजव्या टोपीची रिंगच नाही. मागच्या डाव्या टोपीच्या सहापैकी दोन पाकळ्या तुटलेल्या आहेत, आणि काठावर पांढरट वाळलेला थेंब. म्हणजे कोणीतरी फेविक्विक लावून चिकटवून दिलेली. फक्त मागची उजवी पूर्ण शाबूत आहे. पडलेली टोपीसुद्धा अशीच अर्धवट बसवलेली असणार. खंबाटकीच्या खड्ड्याला मी आठवडाभर उगाच बोल लावत होतो.

राग आला. टोपीच्या पैशांचा प्रश्न नाही. तुटलं होतं तर तुटलं म्हणून सांगायचं, मी तिथल्या तिथे नवीन घेतली असती.

शाबूत टोपीचा बाहेरचा व्यास ६० मिमी भरला. चार ऑनलाइन मागवतो.

---

पद्मिनीप्रेमी

थांबा, मागवू नका! नुसत्या ६० वर नको. पाकळ्यांचं माप घेतलंत का?

---

सिंहगडरोडकर

उशीर झाला काका, ऑर्डर केली. आज आल्या. बाहेरून हुबेहूब, पण बसत नाहीत. रिमच्या भोकात सैल फिरतात.

---

चाकोरी

हे फार जणांचं होतं, वाईट वाटून घेऊ नका. टोपीची मापं दोन असतात. समोरून दिसते त्या चकतीचा व्यास एक, आणि मागे पाकळ्यांच्या आकड्यांचा व्यास दुसरा. बसणं-न बसणं दुसऱ्या मापावर ठरतं. चकती ६० आणि पाकळ्या ५६ अशा टोप्या बाजारात ढिगाने मिळतात, पण चकती ६० आणि पाकळ्या त्याहून लहान अशाही असतात. व्हर्नियर (व्यास मोजायचं साधन) नसेल तर कागदाची पट्टी पाकळ्यांभोवती गुंडाळून खूण करा आणि आलेल्या लांबीला ३.१४ ने भागा. पाकळ्यांमधल्या मोकळ्या जागेमुळे डोळ्याने मोजताना चूक होते, कागदाने होत नाही. एक मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तरी सैल बसते किंवा बसतच नाही.

तिसरी गोष्ट खोली. पुढच्या चाकात शाफ्टचं टोक बाहेर डोकावतं. नवीन टोपीची पाठ सपाट आणि जुनीची पाठ पोकळ असेल, तर शाफ्ट मागून टेकतो आणि टोपी दोन दिवसांत बाहेर येते. जुनी आणि नवी टोपी टेबलावर उलटी ठेवून शेजारी शेजारी बघा.

आणि बाहेरचे अलॉय आहेत म्हणून अजून एक. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिमी. बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक पुष्कळदा याहून मोठं असतं, म्हणजे ते अनेक गाड्यांना चालावं. मधला फरक भरायला प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची कडी घालतात. चाक काढताना ती कडी कधी हबवर राहते, कधी खाली पडते. तुमच्या चारही चाकांना ती आहे ना? ती नसेल तर टोपी कितीही चांगली बसली तरी ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू शकतं, आणि माणूस पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतो.

---

सिंहगडरोडकर

काका, आत्ता टॉर्च घेऊन मागचं चाक पुन्हा काढून पाहिलं. तिथे कडी आहे. पण पुढच्या उजव्या चाकाला नाही! आणि स्टिअरिंग थरथरतं म्हणूनच तर मी बॅलन्सिंगला गेलो होतो.

---

वऱ्हाडी_पाना

घ्या. टोपी शोधता शोधता खरं दुखणं सापडलं.

---

कोकणपट्टी

माझंही सांगते. गाडी अंगणात पुढे-मागे केली, तिसऱ्या वेळी आवाज आला आणि चाक सुटलं. आत पांढरा भुगाच भुगा होता. ब्रशने घासून ग्रीसचा हात दिला. टोपी मागून ढकलून काढली. माझी टोपी गाडीबरोबर आलेलीच आहे, आतल्या बाजूला पार्ट नंबर उठवलेला दिसला. तो फोटो काढून काउंटरवर दाखवला, त्यांनी दोन दिवसांत मागवून दिली. मूळचे अलॉय असतील तर माप घ्यायचीही गरज नाही, आतला नंबर पुरे.

एक विचारायचं होतं. पाकळ्या कडक वाटतात, दाबताना तुटतील अशी भीती वाटते.

---

स्टुटगार्टचा_सह्याद्री

टोपी पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवा. हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम चालेल, उकळतं नको. प्लास्टिक नरम पडतं. हिवाळ्यात मी हेच करतो. हेअर ड्रायर ठीक, हीट गन नको, वरचा रंग फुगतो. तारेची रिंग पाकळ्यांच्या आतल्या खोबणीत नीट बसली आहे ना ते बघा, मग टोपी भोकावर सरळ धरा आणि दोन्ही तळहातांनी सगळीकडून सारखा दाब द्या. एका बाजूने आधी घुसवलीत तर समोरची पाकळी तुटते. टक असा एकच आवाज यायला हवा. दोन-तीन वेगवेगळे आवाज आले तर मागून हात घालून प्रत्येक आकडी अडकली का ते चाचपा.

---

वऱ्हाडी_पाना

चाक गाडीवर चढवायच्या *आधी* टोपी बसवा, म्हणजे मागून चाचपता येतं. आणि ज्यांच्याकडे लोखंडी रिम आणि वर पूर्ण प्लास्टिकचं कव्हर आहे त्यांनी कव्हरचं व्हॉल्व्हचं छिद्र आधी जुळवून घ्या. आतल्या तारेला तिथे एक बाक दिलेला असतो. तो व्हॉल्व्हसमोर आला नाही तर तार व्हॉल्व्हला दाबते, हवा कमी व्हायला लागते. पडू नये म्हणून केबल टाय (प्लास्टिकच्या बांधायच्या पट्ट्या) लावायचे असतील तर पूर्ण कव्हरलाच लावा.

फेविक्विकबद्दल मी पूर्ण विरोधात आहे. पुढच्या बॅलन्सिंगला टोपी फोडूनच काढावी लागते आणि रिमचा लॅकरही सोबत येतो. अगदी अडलंच तर सिलिकॉनचे दोन ठिपके, ते नखाने निघतात.

---

सिंहगडरोडकर

शेवटचा अहवाल, आणि खूप खूप आभार.

शाबूत टोपी खिशात घालून नाना पेठेत गेलो. कागदी पट्टीने पाकळ्यांचा व्यास ५७ च्या किंचित खाली आला होता. दुकानदाराने त्याच्या व्हर्नियरने पुन्हा मोजला, तीन डबे उघडले आणि चौथ्यात मिळाली. पाठ पोकळ आहे, शाफ्ट टेकत नाही. चारही नवीनच घेतल्या. शाबूत जुनी टोपी आणि तिची रिंग डिकीत जपून ठेवली आहे. हबची कडीही त्याच गल्लीत पुढे मिळाली.

गरम पाण्याची युक्ती केली. चारही वेळा एकच टक.

मग दुसऱ्या ठिकाणी बॅलन्सिंगला गेलो. या वेळी आत जाऊन उभा राहिलो आणि कारागिराला आधीच म्हटलं, 'दादा, टोप्या मी काढून देतो.' त्याने पाना खाली ठेवला आणि म्हणाला, 'काढा की, माझंही काम हलकं.' मी मागून ढकलून चारही काढल्या, एका कापडावर रिंगसकट मांडून ठेवल्या, आणि काम झाल्यावर मोजून स्वतः बसवल्या. पुढच्या उजव्या चाकाची कडी घालताना तो बराच वेळ तिच्याकडे बघत होता. त्यानेच विचारलं, 'ही आधी नव्हती?'

काल कात्रज बायपासला ९० च्या वेगात स्टिअरिंग अगदी स्थिर होतं. ५० किलोमीटर झाले आहेत, आज संध्याकाळी नट पुन्हा तपासतो.

---

चाकोरी

तपासल्यावर इथे लिहा. आणि पुढच्या उजव्या चाकाचा टायर एकदा आतल्या बाजूने हात फिरवून बघा. कडीशिवाय इतके महिने चालला असेल तर झीज एकसारखी नसण्याची शक्यता आहे.